चालायला निघण्याआधी बीपीचा पट्टा

डॉक्टरताई, नमस्कार.

माझं वय ३३. दुसऱ्यांदा गरोदर आहे, पंधरावा आठवडा सुरू आहे. पहिल्या वेळी आठव्या महिन्यात एकदम बीपी १७०/११० झालं, लघवीतून प्रथिनं जायला लागली आणि ३५व्या आठवड्यात सिझर करावं लागलं. मुलगी १ किलो ९०० ग्रॅमची होती, ११ दिवस काचेच्या पेटीत होती. आता चार वर्षांची आहे, छान आहे. सिझरच्या आदल्या रात्री माझं डोकं ठणकत होतं, पोटात वरच्या बाजूला दुखत होतं. पित्त असेल म्हणून लिंबूसोडा पिऊन झोपले होते.

तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत मी आठवड्यातून तीनदा झुंबाला जात होते, पाऊण-पाऊण तास. ‘नाचलीस म्हणून झालं’ असं सासूबाई एकदाच म्हणाल्या, पण ते डोक्यातून जात नाही. आता घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई म्हणतात, नऊ महिने आडवी राहा, मिठाला हात लावू नकोस. जाऊबाई जिमला जातात. त्या म्हणतात, व्यायाम कर, बीपी होणारच नाही, मग ती रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची गोळी कशाला? डॉक्टर ‘चालत राहा’ म्हणाले, पण किती आणि कसं हे विचारायच्या आत पुढची पेशंट आत आली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. योगाचा क्लास लावू का? मला अगंतुगंच करा.

नाशिकची एक वाचक

ता. क. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं घाटतंय. झोपाळ्यावर बसलेलं चालतं का?

*

अगं, आधी ते झुंबाचं डोक्यातून काढ.

मागच्या वेळी तुला झालेल्या बीपीच्या त्या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याची सुरुवात वार (प्लॅसेंटा, म्हणजे पोटातल्या बाळाला पोषण पुरवणारा अवयव) रुजताना होते. पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात, म्हणजे बोळाचा हमरस्ता करतात. काही जणींत हे रुंदीकरण अर्धवट राहतं. वारेला रक्त अपुरं पडायला लागलं की ती आईच्या रक्तात अशी काही द्रव्यं सोडते की आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. मग बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, यकृतावर ताण येतो, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आकडा विसाव्या आठवड्यानंतर कधीतरी दिसतो, पण रुजण्यातली ती चूक त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. तुझ्या नाचण्याने ती होत नाही आणि न नाचण्याने टळलीही नसती.

तू इंटरनेटवर शोधशीलच, म्हणून एक गोष्ट मीच सांगून ठेवते. डेन्मार्कमधल्या सुमारे ८५ हजार गरोदर बायकांच्या नोंदींवरून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला २७० मिनिटांहून जास्त व्यायाम करणाऱ्यांमध्ये तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण जास्त दिसलं होतं. तो व्यायामामुळेच झाला, असं अशा नोंदींवरून ठरत नाही. पण ठरलं असतं तरी तुझा हिशोब बघ. पाऊण तास तीनदा म्हणजे १३५ मिनिटं, बरोबर निम्मी. हे सासूबाईंना वाचून दाखव, असं लिहिणार होते. पण राहू दे. नात काचेच्या पेटीत असताना घाबरलेली माणसं काहीतरी कारण शोधतात, आणि समोर सूनच असते.

आता जाऊबाईंच्या पक्षाकडे वळते. त्यांचं अर्धं बरोबर आहे. गरोदरपणातल्या व्यायामाचे जगभरातले प्रयोग एकत्र करून २०१८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशोब मांडला. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाची शक्यता साधारण ४० टक्क्यांनी कमी निघाली, गरोदरपणातल्या मधुमेहाचीही जवळपास तेवढीच. फरक पडायला आठवड्याला निदान १४० मिनिटं भरभर चालण्याएवढी मेहनत लागते, असंही त्यांनी काढलं. जागतिक आरोग्य संघटना १५० मिनिटं सांगते. पण या प्रयोगांतल्या बहुतेक बायका धडधाकट होत्या. पूर्वी प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेलीला ४० टक्क्यांचा तोच फायदा मिळेल, असं मी तुला छातीठोकपणे सांगणार नाही. चालल्याने वजन, साखर, झोप, मन आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर या सगळ्यांचं थोडं थोडं भलं होतं. तेवढ्यासाठी चालायचं. ‘बीपी होणारच नाही’ हे वाक्य मात्र जाऊबाईंनी जिममध्येच ठेवावं.

आणि ती गोळी. चालण्याच्या बदल्यात ती सोडायची, असा सौदा करू नकोस. आधीच्या गरोदरपणात हा आजार झालेला असणं, हे कमी मात्रेतलं ॲस्पिरिन देण्याचं सगळ्यात ठळक कारण आहे, आणि ते सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेलं सर्वांत चांगलं. तुझा पंधरावा चालू आहे, म्हणजे तुझ्या डॉक्टरांनी वेळ साधली आहे. २०१७ मध्ये युरोपात एक मोठी चाचणी झाली. जोखीम जास्त असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. कुठल्याही व्यायामाच्या पदरात एवढं माप पडलेलं मी पाहिलेलं नाही. तुझी मात्रा किती आणि गोळी कधी थांबवायची, ते तुझे डॉक्टर ठरवतील. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर त्यांना आधी सांग. चुकवू मात्र नकोस. रात्री ब्रश करतेस त्या पेल्याजवळ पाकीट ठेव.

तुझा खरा धोका किती, हे तू विचारलं नाहीस, पण मनात तोच प्रश्न असणार. आधीचं बाळंतपण ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान करावं लागलेल्या चार जणींपैकी साधारण एकीला पुढच्या वेळी हे पुन्हा होतं. तिघींना होत नाही. नऊ महिने अंथरुणात काढायला लावेल असा हा आकडा नाही, आणि मशीन कपाटात ठेवून विसरून जावं असाही नाही.

सासूबाईंचं ‘आडवी राहा’ त्यांनी स्वतःच्या मनाने काढलेलं नाही. एके काळी आम्ही डॉक्टरच बीपी वाढलेल्या बाईला खोलीत अंधार करून झोपवून ठेवायचो. पण नुसतं झोपून राहिल्याने प्रीएक्लॅम्प्सिया टळतो, असं कुठेच सिद्ध झालं नाही. उलट गरोदरपणात रक्त मुळातच लवकर गोठतं, आणि पडून राहिलं की पायातल्या शिरेत गुठळी होण्याची भीती वाढते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच लिहिलं की हा आजार टाळण्यासाठी घरी पडून राहायला सांगू नये आणि मीठही तोडू नये. तेव्हा ताटात नेहमीएवढं मीठ असू दे. लोणचं-पापडावर ताव मारायला सांगत नाही, पण अळणी वरणभाताने बीपी थांबत नाही. त्यापेक्षा कॅल्शियमकडे लक्ष दे. आपल्या सरकारी कार्यक्रमातही चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात, आणि ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी त्यांना त्याचा बीपीसाठीही उपयोग होतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र गिळू नकोस, मध्ये दोन तास जाऊ दे.

इथे एक खवचट प्रश्न. तुला आडवं राहायला सांगणाऱ्या घरात सकाळच्या पोळ्या कोण लाटतं? पुष्कळ घरांत ‘आराम’ म्हणजे बाहेर चालायला जायचं नाही, एवढाच अर्थ असतो. ओट्यासमोर दोन तास उभं राहणं, बाथरूमला पाण्याच्या बादल्या नेणं, चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन तीन जिने चढणं हे कुणी मोजत नाही. मी मोजते. एका जागी उभं राहण्याने पायांवर सूज आणि कंबरदुखी तेवढी मिळते, चालण्याचा फायदा मिळत नाही. म्हणून घरकामाला व्यायाम धरू नकोस. पोळ्या बसून लाट किंवा निम्म्या कुणाकडून तरी करून घे, आणि त्यातून वाचलेला अर्धा तास चालायला वापर. नवऱ्याला हे पत्र दाखवणार असशील तर या परिच्छेदाखाली रेघ मारून दाखव.

आता प्रत्यक्ष चालण्याबद्दल. आधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारून घे: वार खाली आहे का, गर्भाशयाच्या तोंडाची लांबी ठीक आहे ना, हिमोग्लोबिन किती आहे, आणि मागच्या सिझरच्या टाक्यांबद्दल काही काळजी आहे का. वारेची जागा आणि गर्भाशयाचं तोंड पाचव्या महिन्यातल्या मोठ्या सोनोग्राफीत नीट कळतं. तोवर रक्तस्राव नसेल आणि बीपी ठीक असेल तर हलकं चालायला हरकत नसते. पहिल्या आठवड्यात सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, एवढंच. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत महिन्याभरात रोज अर्ध्या तासावर ये, आठवड्यातून पाच दिवस. वेग कसा ओळखायचा? सोबतीणीशी बोलता आलं पाहिजे, पण आरती सुरात म्हणता येत असेल तर तू रमतगमत चालते आहेस. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी कर. नाडी मोजत बसू नकोस; बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद होते आणि हिशोब फसतो.

रस्ता सपाट हवा. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चाललीस तर उत्तम, पांडवलेण्यांच्या पायऱ्या या वर्षी नकोत. उन्हाळ्यात आठनंतर बाहेर पडू नकोस, त्यापेक्षा गच्चीवर किंवा घरातच फेऱ्या मार. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीची भीती मला बीपीइतकीच वाटते.

तुझे तीन जिने चढायला चालतील. सावकाश, कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर अर्धा मिनिट थांबून. मुलीला स्वतःच्या पायांनी चढू दे. दिवसातून दोनदापेक्षा जास्त उतरावं लागणार नाही अशी कामं आख, आणि गॅसचा सिलेंडर किंवा पाण्याचा जार उचलण्याच्या भानगडीत पडू नकोस. जोर लावताना माणूस नकळत श्वास कोंडतो आणि त्या क्षणी बीपी टणकन उडी मारतं.

योगाचंही तेच. बंगळुरूमध्ये जोखमीच्या ६८ गरोदर बायकांवर केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्या गटात बीपीचा त्रास कमी दिसला. अभ्यास लहान आहे, पण दिशा चांगली आहे. क्लास लावायचा तर शिकवणारीला पहिल्याच दिवशी सांग की मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता. तिला तो शब्दच माहीत नसेल तर दुसरी शोध. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरण्याचा कुंभक, सर्वांगासनासारखी उलटी आसनं आणि पोट दाबणारे पीळ नकोत. भद्रासन, मार्जारासन, भिंतीला धरून ताडासन, शांत अनुलोम-विलोम चालेल. पाचव्या महिन्यानंतर शवासन पाठीवर करायचं नाही, कारण गर्भाशयाच्या वजनाने मागची मोठी शीर दबते आणि गरगरतं. कुशीवर वळून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पड. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करायची आणि उठताना श्वास सोडायचा, एवढं केलंस तरी जाऊबाईंच्या स्क्वॉटचं काम होतं.

आता ज्यासाठी हे पत्र मी इतकं लांबवलं, ते. दंडाला बांधायच्या पट्ट्याचं, डिजिटल बीपी मशीन घे. मनगटावरचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा माग, कारण लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. तुझं मशीन एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्याशी ताडून बघ. सकाळी लघवीला जाऊन ये, चहाच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घे आणि तारखेसह वहीत लिही. मग चपला घाल.

दोन्ही आकडे १४० आणि ९०च्या खाली असतील तर चालायला जा. वरचा १३५च्या किंवा खालचा ८५च्या पुढे दोन-तीन दिवस सलग दिसला तर डॉक्टरांना फोन करून सांग. १४० किंवा ९० गाठलं तर पंधरा मिनिटं बसून पुन्हा घे. तरी तसंच असेल तर त्या दिवशी चालणं रद्द आणि त्याच दिवशी दवाखाना. १६० किंवा ११० म्हणजे थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८. एक चकवा लक्षात ठेव. चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी निसर्गतःच थोडं उतरतं. तेव्हा १०८/६८ बघून घरात सगळे खूष होतील आणि मशीन मुलीच्या खेळण्यांत जाईल. तुझा जागरूक राहण्याचा काळ त्यानंतर सुरू होतो.

आणि पित्त. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल तर तो लिंबूसोडा. आपल्याकडे डोकं दुखलं की पित्त, उलटी झाली की पित्त, छातीखाली जळजळलं की पित्त. एरवी खरंही असेल. पण विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांच्या खाली, विशेषतः उजवीकडे, दुखणं हे यकृताचं ओरडणं असू शकतं. न थांबणारी डोकेदुखी, नजरेपुढे ठिणग्या किंवा अंधुकपणा, एका रात्रीत सुजलेला चेहरा आणि घट्ट झालेली अंगठी, धाप, कमी होणारी लघवी, बाळाची मंदावलेली हालचाल यांपैकी काहीही झालं की आधी पट्टा बांध, सोडा नंतर. लक्षणं असतील आणि आकडा चांगला आला तरी फोन कर. पायांवरची संध्याकाळची सूज बहुतेकींना येते, तिला एवढं घाबरू नकोस. चालताना रक्त दिसलं, पाणी गेलं, पोट ठरावीक अंतराने आवळून यायला लागलं, छातीत दुखलं किंवा एकच पोटरी दुखून सुजली तर तिथेच थांब आणि दवाखाना गाठ.

समजा, बीपी वाढलंच. प्रीएक्लॅम्प्सियाचं निदान झाल्यावर व्यायाम बंद. ‘हळूच चालते’ असंही नाही. पण व्यायाम बंद म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर बाथरूमला जाणं, खोलीत चार पावलं टाकणं, बसल्या जागी घोटे फिरवणं चालू ठेव. त्या वेळी तुला वाटेल, चालत होते तरी झालं, म्हणजे चालणं वाया गेलं. वारेचा आजार चालून पुसता येत नाही. तू केलेल्या चालण्याने अंग मात्र ऑपरेशनला आणि बाळंतपणाला जास्त तयार असतं.

बाळंतपणानंतरही मशीन परत देऊ नकोस. हा आजार पहिल्या आठवड्यात, क्वचित सव्वा महिन्यापर्यंत, पुन्हा डोकं वर काढतो, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. शिवाय ज्यांना एकदा प्रीएक्लॅम्प्सिया झाला त्यांना पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. तुझं चालणं बाळ झाल्यावर संपणार नाही, एवढं आत्ताच घरी सांगून ठेव.

डॉक्टरांकडे वेळ मिळत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. पुढच्या वेळी वहीच त्यांच्यापुढे उघडून ठेव. आकडे पाहिल्यावर डॉक्टर थांबतो, हा माझा आमच्या जमातीबद्दलचा अनुभव आहे. एखादी तपासणी परवडत नसेल किंवा दुसरं मत हवं असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांना मोफत तपासतात. जाताना मागच्या सिझरचे कागद ने.

डोहाळजेवणाचं राहिलंच. झोपाळ्यावर खुशाल बस. चढता-उतरताना कुणीतरी झोपाळा धरून ठेवावा, झोके जाऊबाईंनी नव्हे तर सासूबाईंनी द्यावेत, आणि ऊन चढायच्या आत कार्यक्रम आटपावा. त्या दिवशी बायका तुला बर्फी की पेढा विचारत तासभर उभं करून ठेवतील, तेव्हा खुर्ची मागून घे. आणि सकाळी दंडावर फुलांचे बाजूबंद चढवायच्या आधी त्याच दंडावर पट्टा बांधून आकडा वहीत लिहून ठेव.